लाथ उजव्या पायाची, दुखणं डाव्या जांघेचं: एका चढाईपटूचं प्रकरण

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका मंडळाकडून कबड्डी खेळणारा 22 वर्षांचा चढाईपटू. वजन 72 किलो, डाव्या बाजूनं चढाईला जाणारा, उजव्या पायानं कोपरारक्षकाला टिपण्यात तरबेज. डाव्या जांघेच्या दुखण्यानं तो सात महिने हैराण होता. माझ्याकडे आला तेव्हा हातातल्या पिशवीत दोन एक्स-रे, एक एमआरआय आणि गोळ्यांच्या बऱ्याच चिठ्ठ्या होत्या. त्याच्या परवानगीनं हे प्रकरण लिहिते आहे. नाव आणि गाव देत नाही. लिहायचं कारण एवढंच, की जांघेचं दुखणं म्हणजे "नस चढली", थोडं चोळलं, थोडा शेक दिला की जाईल, असं समजून आपल्याकडची चांगली पोरं वर्ष-दीड वर्ष घालवतात. काही खेळच सोडून देतात.

हे दुखणं एका दिवसात आलेलं नव्हतं. जिल्हा संघाच्या शिबिरासाठी तो मातीवरून मॅटवर आला. तोवर एक वेळ असणारा सराव दोन वेळा सुरू झाला. दोन-तीन आठवड्यांत जांघेत ओढ जाणवायला लागली. सुरुवातीला अंग गरम झालं की ती जायची. पुढे सराव संपता संपता परत यायला लागली. मग रात्री कूस बदलताना, सकाळी मोटारसायकलवर टांग टाकताना, जोरात शिंक आली तरी. "सरळ पळताना काय न्हाई मॅडम, वळलो की चमकतंय," असं तो म्हणाला. माझ्या दृष्टीनं पिशवीतल्या सगळ्या कागदांपेक्षा हे वाक्य मोलाचं होतं.

उपाय बरेच झाले होते. शेक, मालिश, गोळ्या. तीन आठवडे संपूर्ण विश्रांती घेतली, दुखणं थांबलं, आणि मैदानात उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी जसंच्या तसं परत आलं. त्यानंतर "स्नायू आवळलाय, मोकळा कर" असा सल्ला मिळाला. मग तळवे जुळवून बसायचं, गुडघे जमिनीला टेकवायचे आणि मित्रानं वरून दाबायचं, हा प्रकार सकाळ-संध्याकाळ. त्यानं दुखणं उलट वाढलं. शेवटी "स्पोर्ट्स हर्निया" असेल, शस्त्रक्रिया करून टाका, इथपर्यंत गोष्ट आली होती आणि उसाचं बिल जमा झालं की दवाखाना गाठायचा असं घरात ठरलं होतं.

पहिल्या भेटीत वडील सोबत होते. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "लाथ मारतोय उजव्या पायानं, मग डावीकडं कसं काय दुखतंय?" हा प्रश्न आधी कुणी विचारला नव्हता. पुढचं सगळं काम त्याच प्रश्नाचं उत्तर शोधण्यात गेलं.

हाडाजवळ काय चाललेलं असतं

दोन्ही जांघांच्या मध्ये, ओटीपोटाच्या तळाशी जघनास्थी असते. मांडीच्या आतल्या बाजूचे अॅडक्टर स्नायू, त्यातही अॅडक्टर लाँगस, इथूनच सुरू होतात. पोटाचे उभे स्नायू वरून येऊन याच जागी मिळतात. वरून पोट ओढतं, खालून मांडी ओढते आणि ती ओढ एका छोट्याशा जागेवर येते. उभं राहताना, चालताना याचा काही त्रास नसतो. एका पायावर भार देऊन धड झटक्यानं फिरवलं, की ओढ कैक पटीनं वाढते. फुटबॉल, हॉकी, भालाफेक, क्रिकेटमधली वेगवान गोलंदाजी, कबड्डी या सगळ्यांत हा क्षण पुन्हा पुन्हा येतो.

या दुखण्याला पूर्वी डॉक्टरागणिक वेगळं नाव होतं. 2014 साली दोह्यात 14 देशांतले 24 तज्ज्ञ एकत्र बसले आणि नावांचा हा गोंधळ बराचसा मिटवला. तपासणीत नेमकं कुठे दुखतं आणि कोणत्या स्नायूला जोर लावायला सांगितल्यावर दुखतं, त्यावरून चार गट ठरले: अॅडक्टरचं, खुब्यासमोरच्या इलिओसोआस स्नायूचं, जांघेच्या वरच्या नळीच्या भागाचं आणि जघनास्थीचं. खुब्याच्या सांध्यातून येणारं दुखणं वेगळं धरायचं, आणि खेळाशी संबंध नसलेली कारणंही डोक्यात ठेवायची. हे वर्गीकरण मला आवडतं, कारण त्याला महागडं यंत्र लागत नाही. हात लागतात, आणि खेळाडूचं ऐकून घेण्याची तयारी.

या मुलाच्या बाबतीत अॅडक्टर लाँगसच्या उगमाशी बोट ठेवल्यावर "हेच, हेच" असं उत्तर आलं. गुडघे जुळवण्याचा जोर लावताना तिथंच दुखलं. पोटाचा जोर लावताना किंचित. खोकताना जांघेच्या वर फुगवटा येत नव्हता. खुब्याचा सांधा दुमडून आत वळवल्यावर थोडा ताठरपणा होता, पण ओळखीचं दुखणं उमटलं नाही. एका पायावर उड्या मारताना हाडात खोल कळ येत नव्हती. शेवटची चाचणी मी कधीच टाळत नाही. मांडीच्या हाडाच्या मानेला ताणाची चीर असेल तर तीही जांघेतच दुखते, आणि तशा खेळाडूला व्यायाम देणं म्हणजे चीर वाढवणं. जांघेत गाठ, वृषणात सूज, ताप, लघवीचा त्रास, झोपेतून उठवणारी कळ, कारण नसताना घटणारं वजन यांपैकी काहीही असेल तर आधी डॉक्टर, व्यायाम नंतर.

एमआरआयमध्ये जघनास्थीत सूज दिसत होती आणि त्या एका ओळीनं घरचे घाबरले होते. अशी सूज अजिबात न दुखणाऱ्या खेळाडूंच्या एमआरआयमध्येही बऱ्याचदा दिसते. तपासणीशी ती जुळत असेल तरच तिला वजन द्यायचं. हे मी वडिलांना दोनदा समजावलं, कारण चित्रातली सूज पाहिली की माणसाला शस्त्रक्रियेशिवाय दुसरं सुचत नाही.

मोजमाप

ताकद मोजायचं खास यंत्र प्रत्येक ठिकाणी नसतं. रक्तदाब मोजायचा पट्टा चालतो. पाठीवर झोपून गुडघे दुमडायचे, थोडी हवा भरून गुंडाळलेला पट्टा गुडघ्यांमध्ये धरायचा आणि दाबायचं. काटा कुठवर गेला आणि दुखणं कुठे सुरू झालं, हे दोन आकडे लिहायचे. पहिल्या दिवशी त्याचा काटा 125 पर्यंत जाऊन दुखण्यानं थांबला. याच मंडळाचे दुखणं नसलेले चढाईपटू त्याच पट्ट्यावर 220 च्या पुढे जात होते.

दुसरी चाचणी आणखी सोपी, कोपनहेगनची पाच सेकंदांची. पाय सरळ ठेवून झोपायचं, तपासणाऱ्याचा हात दोन्ही घोट्यांच्या मध्ये, पाच सेकंद जीव लावून दाबायचं आणि दुखणं 0 ते 10 मध्ये सांगायचं. 0 ते 2 हिरवा, 3 ते 5 पिवळा, 6 आणि त्यापुढे लाल. त्यानं 7 सांगितले. पुढे ही चाचणी तो घरी भावाकडून रोज सकाळी करून घेत असे आणि त्या रंगावर दिवसाचा सराव ठरत असे.

आणखी एक गोष्ट सापडली, जी त्यानं सांगितलीच नव्हती, कारण त्याच्या लेखी ती संपलेली होती. दोन वर्षांपूर्वी डावा घोटा मुरगळला होता. टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा म्हटलं, तर उजवा पाय भिंतीपासून 11 सेंमी लांब ठेवूनही गुडघा टेकत होता, डावा फक्त 6 सेंमीवर. म्हणजे डाव्या पायावर खोल बसायचं म्हटलं की टाच उचलणार, टाच उचलली की भार चवड्यावर जाणार, आणि चवड्यावरचं शरीर पुढे कलणार.

मॅटवर काय दिसलं

माझा खरा विश्वास मैदानावर बघण्यावर आहे. तपासणीच्या टेबलावर कुणी चढाई करत नाही. मंडळाच्या सरांच्या परवानगीनं सरावाच्या वेळी मोबाइल तिवईवर लावला आणि समोरून आणि बाजूनं संथगती चित्रण घेतलं. दुखत होतं म्हणून अर्ध्या वेगानं, मोजक्याच चढाया.

चांगला चढाईपटू पायानं गडी टिपतो तेव्हा टेकलेल्या पायावर बसतो. बूड त्या पायाच्या टाचेवर, छाती मागे राखलेली, आणि मोकळा पाय चाबकासारखा सुटून परत येतो. शरीराचं वजन टेकलेल्या पायावरून हलत नाही. म्हणूनच रक्षक झेपावला तरी निदानरेषेजवळून पुन्हा मध्यरेषेकडे वळणं त्याला जमतं.

या मुलाचं धड उजव्या पायाबरोबर जात होतं. लाथ गेली की छातीही त्या दिशेनं, ओटीपोट उजवीकडे उघडलेलं, आणि डावं पाऊल मागे लांब, बाहेर वळलेलं. आता परत यायचं तर वजन डाव्या पायावर ओढून आणायला हवं. नितंबाच्या मोठ्या स्नायूंना ते काम करता येईना, कारण शरीर त्यांच्यावर नव्हतंच. लांब ताणलेल्या अॅडक्टरनं अख्खं 72 किलोचं धड आत ओढायचं. दर चढाईला, आठवड्यातून कैक वेळा. मातीवर पाऊल थोडं सरकतं आणि झटका सौम्य होतो. मॅटवर बूट घट्ट धरतो, पाऊल सरकत नाही, आणि सगळी ओढ वर जघनास्थीपाशी जाऊन थांबते. सात महिन्यांपूर्वी, शिबिरातच दुखणं का सुरू झालं असावं याचं माझ्या मते हेच कारण.

परतीच्या वळणावरही तोच दोष. डावा पाय रोवून उजवीकडे वळताना धड डावीकडे, रोवलेल्या पायाच्या बाहेर झुकत होतं. जायचं एकीकडे, डोकं दुसरीकडे.

वडिलांना ते चित्रण थांबवून दाखवलं. भार कुठे आहे आणि ओढ कुठे पडते, हे त्यांच्या लगेच ध्यानात आलं. शेतात ओझी उचललेल्या माणसाला भार समजावून सांगावा लागत नाही. नीरज चोप्राचं उदाहरणही दिलं, कारण ते नाव घरात सगळ्यांना ठाऊक होतं. 2022 च्या युजीनच्या जागतिक स्पर्धेत 88.13 मीटर फेकून रौप्य घेताना त्याची जांघ दुखावली आणि बर्मिंगहॅमची राष्ट्रकुल स्पर्धा त्याला सोडावी लागली. 2024 च्या मे महिन्यात अॅडक्टरमध्ये काहीतरी जाणवलं म्हणून त्यानं ऑस्ट्रावाची स्पर्धा टाळली. भाला सोडायच्या क्षणी जो पाय पुढे रोवून वेग थोपवायचा असतो, त्याच क्षणी जांघेवर ओढ येते, म्हणून तो पाय मजबूत करण्यावर त्यानं काम केलं. भाला हातानं जातो, ताण रोवलेल्या पायाच्या जांघेवर येतो. इथंही लाथ उजव्याची आणि भार डाव्याचा.

उभं राहण्याच्या ढबीबद्दल

इथं थोडं थांबून सांगायला हवं. "पोश्चर सुधारा, दुखणं जाईल" असं हल्ली सर्रास सांगितलं जातं. आरशासमोर उभं करून ओटीपोट पुढे कललंय, एक खांदा खाली आहे, असं दाखवून खेळाडूला घाबरवणं मला पटत नाही. नुसतं उभं राहण्याची ढब आणि जांघेचं दुखणं यांचं नातं फार कच्चं आहे. वाकडे उभे राहणारे कित्येक जण आयुष्यभर बिनदुखत खेळतात. महत्त्व आहे ते भार पडतो त्या क्षणीच्या ढबीला, म्हणजे वेगात, एका पायावर, थकलेलं असताना धड आणि ओटीपोट कुठे आहे याला. आणि ती ढब सांगून येत नाही. स्नायूत ती पेलण्याची ताकद नसेल तर "छाती मागे ठेव" असं शंभरदा ओरडून काही होत नाही. ताकद आणि हालचाल ही दोन कामं वेगळी काढता येत नाहीत.

याला आधार आहे. डेन्मार्कमध्ये पेर होल्मिक यांनी जांघेच्या जुन्या दुखण्याच्या 68 खेळाडूंवर केलेला अभ्यास 1999 मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला मालिश, लेझर, ताण देणे, त्वचेवरून विजेची सौम्य उत्तेजना. दुसऱ्या गटाला 8 ते 12 आठवडे अॅडक्टर आणि पोटाचे व्यायाम, एका पायावरचा तोल, समन्वय. व्यायामाच्या गटातले 29 पैकी 23 जण दुखण्याशिवाय पूर्वीच्या पातळीवर खेळायला लागले, दुसऱ्या गटातले 30 पैकी 4. माझ्याकडे येणारा प्रत्येक दुसरा खेळाडू आजही त्या दुसऱ्या गटाचेच उपचार घेऊन आलेला असतो, हे बघून वाईट वाटतं. डब्लिनमध्ये एंडा किंग आणि सहकाऱ्यांनी 205 खेळाडूंना धड, ओटीपोट आणि पाय यांच्या एकमेकांवरच्या ताब्याचं प्रशिक्षण दिलं. जांघेतला नेमका कुठला भाग दुखतोय ते बाजूला ठेवून सगळ्यांना एकाच पद्धतीनं. सुमारे तीन चतुर्थांश खेळाडू साधारण 10 आठवड्यांत दुखण्याशिवाय मैदानात परतले, आणि त्यांच्या वळण्याच्या चित्रणात धडाचं रोवलेल्या पायाकडे झुकणं कमी झालेलं दिसलं. त्यात तुलनेला दुसरा गट नव्हता, म्हणून मी त्याला शेवटचा शब्द मानत नाही. पण वाट कुठली धरायची ते त्यातून कळतं.

काम

पहिल्या तीन आठवड्यांत काय करायचं याहून काय थांबवायचं हे महत्त्वाचं होतं. तळवे जुळवून गुडघे दाबणं बंद. हाडाजवळचं मालिश बंद. पायानं टिपणं आणि वेगातली वळणं बंद. सायकल आणि सरळ रेषेतलं हलकं पळणं चालू, दुखणं 10 पैकी 2 च्या वर जात नसेल तोवर. "पूर्ण बंद नाही ना?" असं त्यानं दोनदा विचारून घेतलं. पूर्ण बंद ठेवून काय होतं ते त्यानं भोगलंच होतं: दुखणं कमी होतं, त्याबरोबर स्नायूची भार पेलायची ताकदही कमी होते, आणि मैदान तेवढंच कठोर राहतं.

व्यायाम साधे. पाठीवर झोपून घोट्यांमध्ये फुटबॉल धरायचा आणि 30 सेकंद दाबायचा, दहा वेळा. मग तोच चेंडू गुडघ्यांमध्ये. पाठीला काठी लावून, डोकं, पाठ आणि माकडहाड काठीला चिकटलेलं ठेवून खुब्यातून वाकणं. घोट्यासाठी भिंतीकडे गुडघा ढकलणं. कंटाळवाणं काम होतं आणि तालमीत वाढलेल्या पोराला ते हलकंही वाटत होतं. तो रोज 300 बैठका मारायचा. बैठकांबद्दल मला आदर आहे. मांडीचा पुढचा भाग आणि दम त्यांनी तयार होतो. पण बैठकीत दोन्ही पाय जमिनीवर असतात आणि शरीर वर-खाली जातं. आडव्या दिशेनं, एका पायावर, लांबलेल्या अॅडक्टरवर भार कधीच येत नाही. त्याला हे पटवायला मी कोपनहेगन नावाचा व्यायाम (पाच सेकंदांच्या चाचणीहून हा वेगळा) करून बघायला सांगितलं. कुशीवर हातावर टेकायचं, वरचा पाय बाकावर आणि त्या पायाच्या जोरावर अंग उचलायचं. 300 बैठका मारणाऱ्या मुलाला न दुखणाऱ्या उजव्या पायावर पाच वेळाही ते नीट जमलं नाही. त्या दिवसापासून तो मनापासून कामाला लागला.

चौथ्या आठवड्यापासून कोपनहेगन डाव्या बाजूला सुरू केलं, आधी बाकावर गुडघा टेकवून, म्हणजे कमी भार. नंतर घोटा टेकवून. पण या प्रकरणात सगळ्यात जास्त फरक कशानं पडला असं विचारलं, तर मी फडक्याचा व्यायाम सांगेन. घराच्या ओसरीला गुळगुळीत शहाबादी फरशी होती. उजव्या पावलाखाली फडकं, डावं पाऊल फरशीवर घट्ट. उजवा पाय हळूहळू बाजूला सरकवत न्यायचा, डाव्या पायावर बसत जायचं, आणि परत आणायचा. अट एकच: वजन डाव्या टाचेवरून हलता कामा नये. ही चढाईतली नेमकी हालचाल, वेग काढून घेतलेली. आधी आठ वेळा करतानाच धड उजवीकडे घसरायचं. छातीशी धान्याचं छोटं पोतं धरायला दिलं, तर धड आपोआप मागे राहायला लागलं. पुढे तेच पोतं 10 वरून 20 किलोचं झालं.

मी सांगत होते "ओटीपोट समोर ठेव, धड स्थिर ठेव." मान डोलवायचा, जमायचं नाही. सरांनी एकदा ओरडून सांगितलं, "अरं, बूड सोडू नको!" आणि पुढच्याच खेपेला जमलं. तेव्हापासून सरावात शब्द सरांचे आणि मोजमाप माझं, असं आम्ही ठरवून टाकलं. प्रशिक्षकाला बाजूला ठेवून खेळाडूची हालचाल बदलायला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. खेळाडू आठवड्यातले किती तास आपल्याकडे असतो आणि किती त्यांच्याकडे?

सहाव्या आठवड्यात गावची जत्रा आली. जत्रेत कबड्डीचे सामने, मंडळ घरच्या मैदानावर, आणि मुलगा "नुसता बसायला" गेला. उत्तरार्धात संघ मागे पडला आणि तो उतरला. चार-पाच चढाया केल्या, दोन गुण आणले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाच सेकंदांच्या चाचणीत 7. लाल. तो फोनवर रडवेला झाला होता. सगळं पहिल्यापासून सुरू झालं असं त्याला वाटलं. तसं झालं नव्हतं. चार दिवसांत आकडा 4 वर आला, जिथं आधी तेवढ्यासाठी तीन आठवडे लागले होते. ताकद कुठे गेली नव्हती, फक्त वेगाचा भार तिला अजून पेलत नव्हता. दोन आठवडे मागे जाऊन पुन्हा चढत आलो. वडील मात्र त्याच्यावर महिनाभर रागावलेले होते.

आठव्या आठवड्यानंतर वेग. भिंतीला हात टेकून गुडघा उचलण्याचे पळण्याचे सराव, मग खडूनं आखलेल्या रेषांवर वळणं, आधी 45 अंशांत आणि नंतर उलट फिरून. वळण्याआधीची दोन पावलं छोटी घ्यायची, वेग तिथंच मारायचा, म्हणजे शेवटच्या रोवलेल्या पायावर सगळा झटका येत नाही. नजर आणि छाती जायच्या दिशेनं आधी. दर शुक्रवारी चित्रण, आधीच्या शुक्रवारशेजारी लावून. त्याला आकड्यांपेक्षा चित्रणाचा जास्त हुरूप यायचा.

शेवटी पकड. घोट्याची पकड बसल्यावर चढाईपटू मध्यरेषेकडे अंग झोकतो, एक पाय रक्षकाच्या हातात आणि दुसरा रेषेकडे ताणलेला. जांघेवर याहून मोठा ताण कबड्डीत दुसरा नाही. तो टाळून खेळायला सोडणं म्हणजे अर्धवट तयारी. म्हणून आधी पट्टा बांधून ठरावीक ओढ, मग सहकाऱ्यानं हळू धरणं, मग खरी पकड पण एकाच रक्षकाची. 30 सेकंदांच्या पूर्ण चढाया, लागोपाठ, दमल्यावरसुद्धा. दमलेलं धड पुन्हा जुन्या सवयीकडे जातं. ते तिथंच पकडायचं असतं.

परत मैदानात

तारीख ठरवली नव्हती, अटी ठरवल्या होत्या. सकाळची चाचणी सलग दहा दिवस हिरवी. पट्ट्यावर 220 च्या वर, दुखण्याशिवाय. दोन्ही बाजूंच्या कोपनहेगनमध्ये दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. पकडीसह तीन पूर्ण सराव आणि दुसऱ्या दिवशी कुरकुर नाही. चौदाव्या आठवड्यात हे सगळं जमलं. काटा 235 वर गेला होता, घोटा 6 वरून 9.5 सेंमीवर आला होता. पहिल्या सामन्यात त्याला अर्धाच वेळ खेळवायचं सरांनी कबूल केलं आणि शब्द पाळला.

शस्त्रक्रिया झाली नाही. ती कुणालाच लागत नाही असं मी म्हणणार नाही. खरा हर्निया असतो, स्नायू हाडापासून पूर्ण सुटलेला असतो, आणि तीन-चार महिने नेटानं व्यायाम करूनही न हटणारं दुखणं असतं. तिथं शल्यविशारदाचं मत घ्यायलाच हवं. या मुलाला नेटाचा व्यायाम त्याआधी कधी मिळालाच नव्हता.

सहा महिन्यांनी पुन्हा तपासलं. दुखण्याशिवाय खेळत होता, पण लागोपाठ दोन दिवस सामने झाले की सकाळी जांघ थोडी आखडते आणि चाचणीत 2 येतात. ते मी पूर्ण बरं झालं असं लिहिलं नाही. लाथ मारताना धड अजूनही कधीकधी उजवीकडे जातं, विशेषतः उत्तरार्धात, समोर सातही रक्षक असताना.

नॉर्वेतल्या 35 निमव्यावसायिक फुटबॉल संघांवर झालेल्या, 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हंगामाआधी आठवड्यातून तीनदा आणि हंगामात एकदा कोपनहेगन करणाऱ्या खेळाडूंमध्ये जांघेच्या तक्रारींचा धोका 41 टक्क्यांनी कमी आढळला. ते सरांना सांगितलं. आता मंडळाची कुमार गटातली पोरंसुद्धा मॅटच्या कडेला बाक ओढून हा व्यायाम करतात, गुडघा टेकवूनच, कारण त्या वयात वाढत्या हाडांवर पूर्ण भाराची घाई मला नको आहे. सामना रविवारी असेल तर हा व्यायाम बुधवारी होतो. पहिले काही दिवस मांड्या चांगल्याच भरून येतात, म्हणून गुरुवारनंतर बाक कुणी काढायचा नाही असं सरांनीच ठरवून टाकलं आहे.